थोरोचा वसंत आणि माझी अडचण

आमच्या पुस्तकभिशीत एकदा ठरलं, की प्रत्येकीनं आपल्या आवडत्या पुस्तकातल्या एकाच प्रकरणावर बोलायचं. मी हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'मधलं वसंतावरचं प्रकरण घेतलं. बोलायला उभी राहिले आणि लक्षात आलं, की हे प्रकरण मला आवडतं असं सरळ म्हणता येत नाही. त्यातली काही पानं मी परत परत वाचते आणि एक पान आलं की अजूनही पुस्तक मिटते. त्या दिवशी चहा आला आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं. राहिलेलं इथं लिहिते.

थोरो आपल्याकडं ओळखीचा आहे तो गांधीजींमुळं. अन्यायी सरकारला कर द्यायचा नाही म्हणून एक रात्र तुरुंगात काढलेला माणूस, एवढं बहुतेकींना शाळेपासून माहीत असतं. तोच माणूस १८४५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाजवळ, वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतःच्या हातानं झोपडी बांधून राहिला. दोन वर्षं दोन महिने राहिला. त्यावरचं पुस्तक १८५४ साली आलं. मराठीत ते दुर्गाबाई भागवतांनी आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावानं. दुर्गाबाई जन्मानं इंदूरच्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आम्हा मराठी बायकांना त्यांच्याबद्दल थोडा जास्तच जिव्हाळा असतो, तो तसा मलाही होता. बी.ए.च्या वर्षांत त्यांचं 'ऋतुचक्र' वाचलं आणि त्याच ओढीनं 'वॉल्डन'ही हातात घेतलं होतं. 'ऋतुचक्र' लगेच आपलं झालं. 'वॉल्डन'चा वसंत मात्र कोरडाच राहिला.

आता त्याचं कारण कळतं. बेळगावात वसंताची वाट कोण बघतं? आंब्याला मोहर येतो, पळस फुलतो, शिमगा येतो आणि बघता बघता ऊन तापायला लागतं. आम्ही वाट बघतो ती वळवाची आणि मग मिरगाची. हिवाळा संपावा म्हणून दिवस मोजायचे ही कल्पनाच आमच्याकडं नाही. बर्फातून वसंत शोधणारं प्रकरण समजायला मला आधी बर्फात राहावं लागलं. तेही ज्या कारणानं राहावं लागलं, ते कारण नसतं तर बरं झालं असतं.

माझी लेक बॉस्टनच्या पश्चिमेला, कॉन्कर्डपासून वीस-पंचवीस मिनिटांवर राहते. त्या वर्षी मी मार्चमध्ये तिच्या बाळंतपणाला जायचं ठरलं होतं. डिंकाच्या लाडवांचं साहित्य आणून ठेवलं होतं, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवून झाली होती. डिसेंबरच्या शेवटी, सातव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. मी मार्चऐवजी जानेवारीत गेले. दुपटी इथंच कपाटात ठेवली. तिथं पोचले तेव्हा दारापर्यंतची वाट म्हणजे दोन्हीकडं कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती. लेक तीन आठवड्यांत कामावर जायला लागली. घरात मी एकटी, खिडकी आणि तिच्या कपाटातली पुस्तकं. त्यात 'वॉल्डन' होतं, कॉलेजात कधीतरी अभ्यासाला लागलेलं. तीस वर्षांनी मी ते पुन्हा उघडलं आणि सरळ वसंताच्या प्रकरणावर गेले.

आधी त्यातलं चांगलं सांगते, कारण ते फार चांगलं आहे.

वसंतावर लिहायचं म्हटलं की लोक फुलांपासून सुरुवात करतात. थोरो बर्फापासून करतो. तळ्यावरचा बर्फ केव्हा सुटतो, कुठून सुटतो, का सुटतो, हे तो एखाद्या गवंड्यानं भिंत तपासावी तसं तपासतो. ६ मार्च १८४७ ला तो पाण्यात थर्मामीटर घालून बघतो. वॉल्डनच्या मध्यभागी ३२ अंश फॅरनहाइट, म्हणजे नेमका गोठणबिंदू. शेजारच्या फ्लिंट तळ्यात फूटभर बर्फाखालचं उथळ पाणी मात्र ३६ अंश. एवढ्याशा फरकावरून तो सांगतो, की उथळ तळं आधी का मोकळं होतं आणि खोल वॉल्डन आठ-दहा दिवस मागं का राहतं. नंतर त्यानं तारखांची यादीच दिली आहे. तळं पूर्ण मोकळं झालं ते १८४५ ला १ एप्रिलला, पुढच्या वर्षी २५ मार्चला, त्याच्या पुढच्या वर्षी ८ एप्रिलला. १८५२ ला १८ एप्रिल उजाडला आणि लगेच १८५३ ला २३ मार्चलाच बर्फ गेला.

पहिल्या वाचनात मी ही यादी ओलांडून पुढं गेले होते. आता ती मला सगळ्या प्रकरणाचा कणा वाटते. दोन लागोपाठच्या वर्षांत जवळजवळ महिन्याचा फरक! म्हणजे वाट बघणाऱ्याला तारखेचा भरवसा नाही. भरवसा नाही म्हणूनच रोज जाऊन बघावं लागतं. पहिल्या पाखराचा आवाज, खारीचा आवाज, बर्फाखालून येणारा गडगडाट, असल्या बारीक खुणांवर तो कान लावून बसतो. गंमत म्हणजे या नोंदींचा उपयोग आजही होतो. कॉन्कर्डच्या रानफुलांच्या त्यानं १८५२ ते १८५८ या काळात केलेल्या नोंदी घेऊन बॉस्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आताच्या फुलोऱ्याशी ताडून पाहिल्या, आणि फुलं तेव्हापेक्षा आठवडाभर किंवा त्याहून आधी येतात असं दाखवून दिलं. तापमानवाढीचा पुरावा एका रिकामटेकड्या म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या वहीत सापडला.

त्यातली एक गोष्ट मला विशेष आवडते. एक म्हातारा, आयुष्यभर निसर्ग न्याहाळलेला. त्याच्यापासून निसर्गाचं काही लपलेलं नसेल असं थोरोला वाटायचं. हा म्हातारा एकदा वसंतात बदकांच्या शिकारीला फेअर हेवन तळ्यावर गेला आणि दबा धरून बसला. तासाभरानं लांबून गंभीर घरघर यायला लागली. पाखरांचा मोठा थवा उतरतोय असं वाटून तो बंदूक घेऊन उठला. बघतो तर तळ्यावरचा सगळा बर्फ एकसंध सरकत काठाला आला होता आणि त्याची कड किनाऱ्याला घासत होती, त्याचा तो आवाज. जन्मभर बघणाऱ्यालाही वसंत चकवतो, हे थोरोनं कसलीही टिप्पणी न करता सांगितलं आहे.

असं बघणं आपल्या बायकांच्या ओळखीचं आहे. धान्य निवडताना किडीचा पहिला भुगा दिसतो, लोणच्याच्या बरणीला बुरशी यायच्या आधी वास बदलतो, तापलेल्या पोराच्या श्वासात फरक पडतो. आपण त्याची वही ठेवत नाही एवढंच. थोरोला वही ठेवायला वेळ होता. तो वेळ कुठून आला याची एक मजेदार कबुली त्याच्याच जमाखर्चात आहे. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले इथपर्यंत हिशेब चोख. पण कपडे धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेरच व्हायचं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत, असं तो लिहितो. वाचून मी त्या परक्या स्वयंपाकघरात एकटीच हसले. आमचीही बिलं अजून गेलेली नाहीत म्हणावं!

माझी स्वतःची वसंताची खूण कुठली होती, तेही सांगते. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. जमेल तिथं दोन घटका आधी आटोपते. बेळगावात याचं काही वाटत नाही. तिथं जानेवारीत साडेचारला सूर्य मावळायचा, म्हणजे माझं जेवण पावणेचारला. लेक यायची साडेपाचला. मी भाजी-भाकरी झाकून ठेवायची, ती दोन घास खायची, मी समोर नुसती बसायची. ती म्हणायची, "आई, तू असं समोर बसू नकोस गं, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं." आम्ही दोघी बोलत नव्हतो त्यातलं बरंचसं या ताटामुळं होतं असं मला आता वाटतं. भारतात आपण दुःखाच्या माणसाला हाताला धरून पानावर बसवतो आणि स्वतः बरोबर बसतो. मला तेवढंच करता येत नव्हतं.

मी खिडकीपाशी सूर्यास्ताच्या वेळा कॅलेंडरवर लिहायला लागले. जानेवारीच्या शेवटी पाच. फेब्रुवारीच्या शेवटी साडेपाच, म्हणजे ती दारात आणि सूर्य बाहेर. मग मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्या लोकांनी घड्याळ एक तास पुढं सरकवलं आणि सूर्यास्त एकदम पावणेसातवर गेला. बाहेर बर्फ होताच, झाडं काटक्याच होती. पण सोमवारी लेक साडेपाचला आली आणि आम्ही दोघी एका वेळी जेवलो. वरणभात आणि मेथी. ती दुसऱ्यांदा भात घेऊन जेवली. थोरोच्या यादीत ही खूण नाही. माझ्या यादीत तीच पहिली आहे.

त्याच आठवड्यात मी त्या पानापाशी आले.

त्याआधी एक भाग आहे. रेल्वेसाठी टेकडी कापलेली असते. तिच्या उतारावरची गोठलेली वाळू उन्हानं सुटते आणि वाहायला लागते. वाहताना तिचे आकार पानांसारखे, वेलींसारखे, मग फुप्फुसांसारखे, बोटांसारखे होतात. थोरो तिथं थांबतो तो थांबतोच. पानांमागून पानं लिहितो. त्याचं म्हणणं असं, की जमीन मेलेली नाही, ती आतून जिवंत आहे, झाडाचं पान आणि माणसाचा हात ही तिचीच कृत्यं आहेत. इंग्रजी वाचणाऱ्यांना हे फार धाडसाचं वाटलं असेल. मला माझी आजी आठवली. पृथ्वीकायिक, जलकायिक, अग्निकायिक, वायुकायिक, वनस्पतिकायिक हे तिला जेवायच्या आधीच्या हात धुण्याइतकं रोजचं होतं. दव, धुकं, हिम, गारा यांची गणना आपल्याकडं जलकायिकात आहे. पहाटे दवावरून चालू नको म्हणून तिनं मला किती वेळा हाताला धरून मागं ओढलंय. जमीन जिवंत आहे, या जागी थोरो आणि आजी भेटतात. भेटल्यावर दोघं वेगवेगळ्या वाटांनी जातात. थोरोला जीव दिसला की आनंद होतो. आजीला जीव दिसला की ती पाय आखडता घ्यायची.

आणि मग ते पान. झोपडीकडं जायच्या वाटेवर एका खळग्यात मेलेला घोडा पडलेला असतो. रात्री त्याच्या वासानं थोरोला कधी कधी वाट बदलावी लागते. पण त्याला त्यातही निसर्गाची दांडगी भूक आणि निरोगीपणा दिसतो. निसर्गात जीव इतके उतू चाललेले आहेत, की असंख्य बळी गेले, एकमेकांनी एकमेकांना खाल्लं तरी चालतं. बगळे बेडकांची पिल्लं गिळतात, कासवं-बेडूक रस्त्यावर चिरडले जातात, आणि हे बघायला आपल्याला आवडतं असं तो लिहितो. शहाण्या माणसाला यात सगळीकडं निरागसपणाच दिसेल, कुठलीही जखम खरी प्राणघातक नसते, आणि करुणा ही पाय रोवून उभं राहावं अशी जागा नव्हे.

असंख्यांतला एक गेला तर चालतो. मी पुस्तक मिटलं आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

मला राग आला होता आणि तो राग केवळ आईचा नव्हता, वाचकाचाही होता. ज्यानं काही अंशांच्या फरकाला एवढं महत्त्व दिलं, ज्याला खारीचा पहिला आवाज ओळखू येतो, त्याला एकदम 'असंख्य' कसे दिसायला लागले? बारीक बघणं हाच ज्याचा गुण, त्यानं इथं बघणं सोडून मोजणं सुरू केलं. याच पुस्तकात आधी तो म्हणतो, की मासे धरताना आपल्याच नजरेत आपण थोडे उतरतो, आणि माणूस सुधारत गेला तर प्राणी खाणं सोडून देईल. वसंताच्या प्रकरणात २९ एप्रिलला तो पुन्हा गळ टाकून बसलेला आहे. आपल्याकडं दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचले जातात. त्यातल्या पाचव्या अध्यायात उमास्वामी जीवांचं एकमेकांशी नातं काय ते सांगतात, आणि ते नातं एकमेकांच्या उपकारी पडण्याचं आहे. सम्यक्त्वाची जी चार लक्षणं सांगितली जातात त्यांत अनुकंपा आहे. थोरो वसंताची लक्षणं शोधत होता. हे एक लक्षण त्यानं हातानं पुसलं, असं मला वाटलं.

टीका इथं संपवली असती तर सोपं होतं. पण त्या पानावर अजून एक वाक्य आहे आणि ते मला सोडेना. करुणा तत्काळ हवी, तिचा छापील साचा होता कामा नये, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. त्या दिवसांत बेळगाव, सांगली, कोल्हापूरहून रोज फोन यायचे. "कर्माचा उदय असतो, आपल्या हातात काय आहे?" "वय आहे अजून, पुढच्या वेळी होईल." "बघितलंच नव्हतं तोंड, तेवढं बरं." बोलणारी सगळी आपली माणसं, मायेची. लेक फोन स्पीकरवर ठेवून कपडे घड्या करत बसायची. एकदा ती मला म्हणाली, "आई, कर्म कुणाचं? माझं की बाळाचं?" मला उत्तर आलं नाही. बारा भावना मला पाठ आहेत, अनित्य, अशरण, सगळ्या. त्या स्वतः चिंतायच्या आहेत. दुसऱ्याच्या दुःखावर शिक्क्यासारख्या मारायच्या नाहीत, हे मला पन्नाशीनंतर, एका मासे धरणाऱ्या माणसाच्या पानावर कळलं. आणि शेजारचा एक म्हातारा, ज्याचं नावही आम्हाला नीट माहीत नव्हतं, तो प्रत्येक बर्फवृष्टीनंतर पहाटे आमच्या दारापुढची वाट फावड्यानं मोकळी करून जायचा. एक शब्द बोलायचा नाही. थोरोला तत्काळ करुणा म्हणजे ही म्हणायची असेल, तर ती मी मान्य करते.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. थोरोचा थोरला भाऊ जॉन. दाढीच्या वस्तऱ्यानं बोटाला लहानशी जखम झाली, धनुर्वात झाला आणि ११ जानेवारी १८४२ ला तो हेन्रीच्या मांडीवर गेला. त्याच महिन्यात त्याच्या मित्राचा, इमर्सनचा, पाच वर्षांचा मुलगा तापानं गेला. वॉल्डनकाठी जाऊन थोरोनं जे पहिलं पुस्तक लिहिलं ते जॉनबरोबर केलेल्या नदीप्रवासाचं. म्हणजे कुठलीच जखम प्राणघातक नसते हे ज्यानं लिहिलं, त्यानं बोटाच्या जखमेनं सख्खा भाऊ गेलेला बघितला होता. हे कळल्यावर ते वाक्य मला निर्दय वाटेना. एखादी बाई फार मोठ्यानं "मला काही झालं नाही" म्हणते, तसं वाटायला लागलं.

तरी मी त्याच्याशी सहमत नाही. दुःख समजलं म्हणून विचार बरोबर ठरत नाही. थोरोनं दोन वर्षांचा मुक्काम पुस्तकात एका वर्षात बसवला आहे. प्रत्यक्षात त्यानं तळं सोडलं ते ६ सप्टेंबरला. पण पुस्तकाचा शेवट वसंतानं व्हावा म्हणून त्यानं वर्षाची घडी तशी घातली. लेखक म्हणून त्याचा तो हक्क आहे. मात्र त्या घडीत जे बसेना ते त्यानं 'असंख्य' या शब्दाखाली सारलं असं मला वाटतं. तारखांच्या यादीतला थोरो मला जास्त खरा वाटतो. तिथं वसंत कुणाच्या सोयीनं येत नाही आणि कुणाची भरपाईही करत नाही.

मार्चच्या शेवटी एका रविवारी लेकीनं स्वतःहून गाडी काढली आणि आम्ही वॉल्डनला गेलो. काठाकाठानं पाणी मोकळं झालं होतं, मध्ये करडा, भिजल्या पुठ्ठ्यासारखा बर्फ होता. झोपडीच्या जागी आता दगडी खांब आहेत आणि शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यांनी ठेवलेल्या दगडांची रास. लेकीनं एक दगड उचलला, खाली काही किडामुंगी नाही ना हे बघितलं आणि राशीवर ठेवला. ते तसं उलटून बघणं तिला मी शिकवलेलं नाही, माझ्या आजीनं शिकवलंय. मी काही विचारलं नाही. परत येताना ती म्हणाली, "सहाच्या आत पोचू ना गं? तुझं जेवण." मी म्हटलं, "आपलं."

तर मैत्रिणींनो, हे प्रकरण जरूर वाचा. दुर्गाबाईंच्या मराठीत वाचा. बर्फाच्या तारखा ओलांडून जाऊ नका. घोड्याच्या पानाशी आलात की मात्र घाईनं मान डोलवू नका आणि घाईनं पुस्तकही मिटू नका. आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी असं काही झालं, तर फोनवर कर्माचं नाव घ्यायच्या आधी तिच्या दारापुढचा बर्फ कोण काढतंय ते विचारा.